बुधाजीचा खाडा

परळच्या त्या संस्थेचं दार उघडतं दहा वाजता. बुधाजी परब मात्र साडेसातलाच हजर. अंगात धुतलेला शर्ट, खिशात कंगवा, हातात डबा. दाराच्या डाव्या अंगाला, भिंतीला पाठ न टेकता, तो उभा राहायचा. वय वर्षं एकाहत्तर. त्याला कोणी बोलावलंच नव्हतं, हीच तर गंमत.

झालं होतं असं, की संस्थेने लालबाग-परळच्या म्हाताऱ्यांमधून चिठ्ठ्या टाकून चाळीस जण निवडले. दोन वर्षं, दर महिन्याला, घर चालेल एवढे पैसे. बदल्यात काम नाही, अट नाही. बुधाजीचं नाव निघालं. पहिले पैसे बँकेत आले आणि दुसऱ्या दिवसापासून हा बाबा दारात उभा.

त्याचाही इलाज नव्हता. उमेदीची दहा वर्षं त्याने गिरणीत बदली कामगार म्हणून काढली होती. बदलीवाल्याने रोज गेटवर उभं राहायचं. कोणी कायमचा कामगार आला नाही, तर त्याच्या जागी आत घ्यायचे, नाहीतर घरी जा. पण यायचं रोज. खाडा केला की नाव मागे पडलंच. आई गेली तेव्हासुद्धा तो खाड्याच्या भीतीने गावी पोचला तेराव्याला. माणसाला अशी शिस्त लागली की ती मरेपर्यंत सुटत नाही.

गावी होती लक्ष्मी. लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात तो तिला सांगून मुंबईला परतला होता, "कायम झालंय की तुका मुंबयक नेतंय." मग संप झाला, गिरणी बंद पडली, तो वॉचमन झाला, या इमारतीतून त्या इमारतीत गेला, पण कायम काही झाला नाही. सत्तेचाळीस वर्षं लक्ष्मीने मालवणकडचं घर, होती तोवर सासू, दोन गुरं आणि तुकडाभर भातशेती सांभाळली. मूलबाळ झालं नाही. होणार कुठून? नवराबायको एका छपराखाली यायची ती गणपतीपुरती, तीही रजा मिळाली तर. तिच्याजवळ जाऊन राहावं, एवढी एकच इच्छा बुधाजीच्या काळजात ठसठसत होती. आधी रिकाम्या हाताने जायची लाज होती. आता पैसे आले, तर खाडा कसा करायचा हा धाक! त्या धाकापायी यंदाचा गणपतीही बुडाला.

मुंबईच्या खोलीत सोबतीला पुतण्या मयूर. तो कुरियरच्या नोकरीला, घरी येतो तो वैतागूनच. "काका, तुला घरबसल्या पैसे आणि आम्ही बारा-बारा तास घासतो. बोल ना, हा काय न्याय झाला?"

बुधाजीला ते पटायचं. म्हणून तर तो संस्थेच्या कुंड्यांना पाणी घालायचा, पायऱ्या झाडायचा, नको नको म्हटलं तरी.

शेवटी एका सकाळी ऑफिसातल्या सीमाने त्याच्या हातात चहा दिला आणि स्टूल ओढून समोर बसली. "काका, ऐका ना. काम नाही, हजेरी नाही. तुम्ही आहात ना, म्हणून पैसे. विषय संपला."

"आणि मी हय नसलंय तर? गावाक गेलंय तर?"

"मग तिकडे आहात. तिथे बँक आहे ना?"

बुधाजी कप हातात घेऊन पायरीवर बसला. त्याला लालबागची गाववाल्यांची खोली आठवली. तीस माणसं राहायची तिथे. ज्याला त्या दिवशी बदली मिळाली नाही, त्याचंही ताट खानावळवाली मावशी मांडायची. आज काम मिळालं का, हे जेवताना कोणी विचारायचं नाही, असा खोलीचा दंडकच होता. संपात बुधाजी आठ महिने असाच जेवला. ते अन्न त्याला फुकटचं कधी वाटलं नाही. आपण खोलीतले आहोत, एवढंच वाटलं. हे मयूरला सांगायला हवं, त्याच्या मनात आलं. पण आधी लक्ष्मीला.

त्याने तिथूनच फोन लावला. "मी येतंय म्हणतंय. आपल्या घरात रवाक."

पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट. "काम सुटला?"

"कामच नाय. काम न करता पैसे देतत." मग त्याला राहवेना. खोटी आशा दाखवायची त्याला आता भीती वाटत होती. "पण दोनच वर्सा हा, लक्ष्मी. मगे परत माझे हात रिकामे."

पलीकडे तिने आधी कोंबड्यांना हुसकावलं.

"दोनच वर्सा?" लक्ष्मी म्हणाली. "लग्नापासूनचे तुमचे घरातले सगळे दिवस जोडले, तरी तेवढे भरनत नाय. या तुमी."

बुधाजीने फोन खिशात टाकला. डोळे भरून आले होते, ते त्याने पुसलेही नाहीत. मग डबा उचलला आणि सीमाला म्हणाला, "बाय, उद्यापासून माझो खाडो."