गुलाबबाईंची गच्ची

नारायणगावात गुलाबबाईंना नावं ठेवणारी मी एकटीच असेन. त्या माझ्या सिद्धीच्या सासूबाई. वय सत्तावन्न. सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत, मुंगी दिसली तर पाऊल मागे घेतात आणि तीस वर्षं रोज सकाळी गच्चीवर कबुतरांना ज्वारी टाकतात. बाजारपेठ त्यांना हात जोडते. मुलगी देताना मीही जोडले होते.

गुडघे दुखायला लागले तसं गच्ची झाडायचं पुण्य त्यांनी सुनेला दिलं. सिद्धीला सातवा महिना. विष्ठा वाळून पापुद्रे धरलेले, तरी पाणी ओतायचं नाही, फिनेल तर नाहीच. बारीक जीव मरतात. कोरडंच झाडायचं. सगळा धुरळा पोरीच्या नाकातोंडात. मी एकदा बोलले, तर म्हणाल्या, "ब्याणजी, आळेफाट्याला तुम्हाला ट्रकचा धूर चालतो, आमची धूळ तेवढी लागते?" आम्हा मारवाड्यांत विहिणीला ब्याणजी म्हणतात.

मग सिद्धीला ताप आला. कोरडा खोकला, डोकं फुटेलसं दुखणं. आठ दिवस गोळ्यांत गेले. दम लागायला लागला तेव्हा दवाखान्यात नेलं. एक्स-रेमध्ये न्यूमोनिया. क्षय नाही, फ्लू नाही, आणि इंजेक्शनांनी ताप हलेना. ऑक्सिजन लावला. नर्स तासातासाला बाळाचे ठोके ऐकायची.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात पक्षी पाळलेत?"

"आम्ही जीव कोंडून ठेवत नाही," गुलाबबाई ताठ मानेनं म्हणाल्या. जावई, पीयूष, एक्स-रे पाकिटात घालू लागला.

"पाळलेले नाहीत," मी म्हणाले. "पण गच्चीवर रोज दोनशे कबुतरं उतरतात. ही झाडते. कोरडं."

"हे आधी सांगायचं ना." पक्ष्यांच्या विष्ठेतून फुप्फुसात जाणारा एक जंतू असतो, नेहमीची औषधं त्याच्यावर चालत नाहीत, असं त्या म्हणाल्या. रिपोर्ट पुण्याहून यायला वेळ लागणार होता. त्याची वाट न बघता त्यांनी गरोदरपणात चालणारं दुसरं औषध सुरू केलं.

बाहेर येताच गुलाबबाई म्हणाल्या, "मुक्या जिवांवर आळ घेता? तीस वर्षांत मला शिंक आली नाही."

"तुमच्या पोटात बाळ नव्हतं."

"पीयूषच्या वेळी होतं की."

मी आत सिद्धीजवळ जाऊन बसले.

चौथ्या दिवशी ताप उतरला. बाळ हलतंय. रिपोर्ट यायचाय. पीयूषनं विचारलं, घरी कधी न्यायचं.

"दाणे बंद झाल्यावर," मी म्हणाले.

"ते बंद होणार नाहीत," गुलाबबाई शांतपणे म्हणाल्या. "बाळंतपणाला ती तुमच्याकडे जाईलच. पुढचं पुढं."

"पुढचंच बोलतेय मी."

त्या सिद्धीकडे वळल्या. "तू सांग, बेटा."

सिद्धीनं मास्क जरा उचलला. "मम्मी," ती मला म्हणाली, "कपाटातले माझे सगळे कपडे आणायला सांग."