हनुवटीखालची सावली

सदर इसम, वय वर्षे अठ्ठावन्न, उंची मध्यम, बांधा सडपातळ, धंदा छायाचित्रण, स्टुडिओ स्वतःचा, जागा भाड्याची. शरीरावर ओळखीची खूण आढळून आलेली नाही. आक्षेपार्ह वर्तन : इतरांच्या चेहऱ्यावरील ओळखीच्या खुणा मोबदला घेऊन नाहीशा करणे. सदर कृत्यात तो सराईत असून त्यास पश्चात्ताप झाल्याचे कधीही दिसून आलेले नाही.

गल्लीत त्याला मलई म्हणत. त्याने काढलेल्या फोटोत कोणाच्याही चेहऱ्यावर साय धरलेली असे. डोळ्यांखालची वर्तुळं गायब, गालांवरचे खड्डे बुजलेले, आणि नाक अगदी टाळता येण्यासारखं नसेल तर निदान नम्र. एका कचेरीने त्याचे काही फोटो ‘अर्जदार दुसराच दिसतो’ असा शेरा मारून परत पाठवले होते. हा किस्सा तो नव्या गिऱ्हाइकाला आपणहून सांगे, आणि गिऱ्हाईक लगेच खुर्चीत बसे.

फ्लॅशवर काय चढवायचं यात त्याची सगळी विद्या होती. उघडा फ्लॅश त्याला शिवी दिल्यासारखा वाटे. उजेड तोंडावर मारायचा नसतो, ठेवायचा असतो, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी त्याच्याकडे उजेड मऊ करणारे नाना तऱ्हेचे डिफ्यूझर होते. फ्लॅशच्या डोक्यावर बसणारी दुधी प्लॅस्टिकची टोपी, रबराने अडकवायचा पांढरा पुठ्ठा, पांढरी छत्री, वहीएवढी कापडी पेटी, आणि एक अवाढव्य सॉफ्टबॉक्स, म्हणजे तसलीच पण दाराएवढी पेटी, जी उघडली की गिऱ्हाइकाने कुठे बसावं हा प्रश्न पडे. या घरात खिडक्यांना पडदे नाहीत आणि फ्लॅशला मात्र कपाटभर कपडे आहेत, असं त्याची बायको येईल त्याला ऐकवायची.

या माणसाला ‘छोट्या’ म्हणणारी जगात एकच व्यक्ती उरली होती, ती त्याची थोरली बहीण. टपाल कचेरीच्या खिडकीत बसून निवृत्त झालेली. आई लवकर गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं. तिच्या हनुवटीला उजवीकडे एक खळगा होता आणि त्याच्या शेजारी हाड जरा पुढे आलेलं. ती शाळकरी असताना तान्ह्या छोट्याला कडेवर घेऊन जिना उतरत होती, पाय घसरला, आणि पडता पडता तिने त्याला वर धरलं. तो शाबूत राहिला. खालची पायरी हनुवटीला लागली. हातात पहिला कॅमेरा आला तेव्हापासून मलईने ताईचे जितके फोटो काढले, त्यांतल्या एकातही तो खळगा नाही. मलई हे नाव पुढे पडलं; हात तिच्यावरच बसला होता.

आता ताईच्या जबड्यात, त्याच बाजूला, गाठ निघाली होती. तेवढं हाड काढायचं आणि पायाचं हाड कापून तिथे बसवायचं, असं ठरलं. सर्जन बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. हाडाचं माप मशीन देईल, पण त्या हाडावर तुमचा चेहरा कसा बसलाय ते मी फोटोवरून बघते, असं त्या म्हणाल्या. नर्सने तिथेच मोबाईलच्या फ्लॅशवर चार फोटो काढले. ताईने ते पाहिले, मोबाईल परत दिला आणि विचारलं, हे दवाखान्यासाठी आहेत की पोलीस चौकीसाठी? मलईने नर्सला सांगितलं, फोटो मी काढतो.

घरी त्याने बायकोला स्टुलावर बसवून एकेक डिफ्यूझर लावून पाहिला. टोपीने उजेड चारी भिंतींवर गेला आणि चेहरा सपाट झाला. छत्री बरी, पण नाकाच्या बाजूला रेघ राहिली. बायको पेपर वाचत बसली होती, मधेच म्हणाली, माझा जबडा ठीक आहे, एकदा काय ते ठरवा. त्याने अवाढव्य सॉफ्टबॉक्स ठरवला. मग ताईला स्टुडिओत बसवून तो तिच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ आणला, आणि हनुवटीखाली उरलीसुरली सावली पडू नये म्हणून खालून उजेड परतवणारा एक पांढरा फळा तिच्या मांडीवर ठेवला. असे फोटो त्याने आयुष्यात काढले नव्हते. त्या फोटोंत ताईच्या वयाची निम्मी वर्षं गळून पडली होती.

सर्जन बाईंनी ते फोटो उजेडात धरून बराच वेळ पाहिले.

“फार सुंदर आहेत,” त्या म्हणाल्या. “पण यात जबडा कुठे आहे?”

“आहे की, मॅडम. हा काय.”

“तुम्हाला ठाऊक आहे म्हणून तुम्हाला दिसतोय. हाड कुठे वळतं, कुठे पुढे येतं, ते मला सावलीवरून कळतं. तुम्ही सावलीच ठेवली नाही. मी काय बघून बांधू?”

कचेरीचा शेरा मलई मिरवत आला होता; ही तक्रार मिरवता येत नव्हती आणि खोडूनही काढता येत नव्हती. या फोटोंवरून चेहरा बांधला तर ताईला शुद्धीवर आल्यावर कोणा गोड अनोळखी बाईचा जबडा मिळाला असता.

दुसऱ्या दिवशी ताई पुन्हा स्टुडिओत आली. मलईने सगळे डिफ्यूझर उतरवले, उघडा फ्लॅश तिच्याकडे रोखला आणि तसाच उभा राहिला. बटण काही दाबलं जाईना. मग त्याने वहीएवढी पेटी चढवली. सावली पडेल, पण तिची कड बोचणार नाही, एवढी सोय तिच्यात होती. बेत चांगला होता. पण हाताला लागलेली सवय, त्याने फळा उचलून पुन्हा ताईच्या मांडीवर ठेवला.

“तो फळा काढ,” ताई म्हणाली.

“ताई, खाली काळं पडेल.”

“पडू दे. तिथे हाड आहे म्हणून पडतंय. अजून आठवडाभर तरी आहे ते माझं.”

त्याने फळ्याला हात लावला नाही. तेव्हा तिनेच तो उचलून भिंतीला टेकवला.

“मी पडले तेव्हा तुला काही कळत नव्हतं, छोट्या. आणि तेव्हापासून तू मला पुसत बसलायस. आरसा माझ्याकडेही आहे रे.”

मलईने स्टँड उजवीकडून हातभर अंतरावर आणला. पेटी थोडी वर, थोडी मागे. समोरून, मग दोन्ही बाजूंनी, मग मान वर करून. प्रत्येक फोटोत हनुवटीखाली सावली उतरली होती आणि त्या सावलीच्या काठावर खळगा होता, पुढे आलेलं हाड होतं, ओठाचा उजवा कोपरा किंचित खाली ओढलेला होता. शेवटचा फोटो हसरा हवा होता. तो नेहमीप्रमाणे म्हणाला, “जरा प्रसन्न.” ताई म्हणाली, कापाकापीसाठी प्रसन्न? आणि खरोखरच हसली. फोटो त्याच हसण्याचा आला.

सर्जन बाईंनी ते पाहून नुसती मान हलवली आणि पेन्सिल घेतली. ताईने विचारलं, खळगा परत येईल का? वळण आणीन, खळग्याची खात्री देत नाही, असं उत्तर मिळालं. ताई म्हणाली, बरं.

तदनंतर सदर इसमाच्या वर्तनात सुधारणा झाल्याचे आढळून आलेले नाही. गिऱ्हाइकांना तो पूर्ववत साय चढवीत असून अवाढव्य सॉफ्टबॉक्स वापरात आहे. मात्र पांढरा फळा त्याने उचललेला नाही. तो भिंतीला टेकवलेल्या जागीच आहे.

शस्त्रक्रिया पार पडली. वळण आलं, खळगा आला नाही. ताई डाव्या बाजूने जेवते.