कोंडीरामांचं साचाखातं

वरळीच्या बीडीडी चाळीत काही बिघडलं की लोक आधी कोंडीरामांना बोलवत आणि मग दुरुस्तीवाल्याला. दुसरं बोलावणं बहुतेक वेळा पहिल्यामुळेच लागे, पण हे त्यांच्या तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती.

गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, अठरा वर्षं यंत्रांना तेल घालणारा हा माणूस. ब्याऐंशीचा संप झाला, गिरणीनं परत बोलावलंच नाही, आणि कोंडीराम एका बँकेच्या दारात वॉचमन म्हणून उभे राहिले. वीस वर्षं हाताखाली यंत्र म्हणून काय, तर दाराची कडी! म्हणून रिटायर झाल्यावर दौलतनं, त्यांच्या मुलानं, सेकंडहँड कॉम्प्युटर घरी आणला तेव्हा म्हातारा हळद लागलेल्या नवरदेवासारखा खुलला.

दर शनिवारी साफसफाई, गिरणीतल्यासारखी. कॉम्प्युटरचा डबा उघडायचा, आतल्या पंख्यातली धूळ दाढीच्या ब्रशनं झाडायची, शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडायचा. बिनकामाच्या फायली पुसायच्या, हे दौलतनं शिकवलेलं. विखुरलेल्या फायली जागेवर लावायचं काम सुरू झालं की पडद्यावर रंगीत चौकोन सरकत आणि कोंडीराम तीन तास समोर बसून राहत.

"जेवायला या की. ते काय पळून जातंय?" त्यांची बायको जाईबाई ओरडायच्या.

"चालू मशीन सोडून जायचं नसतं, बाई."

एवढी सेवा, तरी यंत्र मंदच. उन्हाळ्यात तर अर्ध्या तासात आपोआप बंद पडू लागलं. दौलत वैतागला.

"बाबा, रविवारी भंगारवाला येतोय. सांगून ठेवलंय त्याला."

"माणसाला ताप आला की भंगारात घालतोस काय रे?"

"हे माणूस नाही, बाबा."

गिरणीतले सूत कातायचे साचेही असेच ट्रकमध्ये भरून भंगारात गेले होते. ते कोंडीरामांनी गेटाबाहेर उभं राहून पाहिलं होतं.

शनिवारी त्यांनी सगळं दुप्पट मन लावून केलं. शेवटी यंत्र चालू केलं आणि उन्हाळा लागल्यापासून दर वेळी करायचे तोच गिरणीतला खास इलाज: खिडकी गच्च बंद, डब्याभोवती ओलं गोणपाट, टेबलाखाली पाण्याची बादली. अर्ध्या तासात यंत्र बंद पडलं आणि जाईबाईंचा पदर घामानं भिजला.

"अहो, जीव गुदमरतोय माझा. खिडकी उघडते."

"हात लावू नको! हवा कोरडी झाली की धागा तुटतो."

"कसला धागा? ह्याच्यात सूत कुठंय?"

कोंडीरामांचा हात गोणपाटावरच थबकला. त्यांनी डब्याच्या पाठीला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. मग गोणपाट सोडलं, बादली बाहेर नेली आणि खिडकी स्वतः उघडली. समुद्राकडचा वारा आत आला. यंत्र थंड होऊन पुन्हा सुरू झालं, ते दिवेलागण झाली तरी सुरूच.

रात्रीपर्यंत जाईबाईंनी तिन्ही मजल्यांना बातमी पोचवली होती.

रविवारी भंगारवाला आला तेव्हा दौलत दोन तास झाले तरी कॉम्प्युटरसमोरून उठायला तयार नव्हता. कोंडीरामांनी दारातच भंगारवाल्याच्या हातात गोणपाट आणि बादली ठेवली.

"काका, एवढंच?"

"एवढंच खराब झालं होतं," कोंडीराम म्हणाले, आणि आत जाऊन खिडकीचं दुसरं दारही उघडून आले.