खोडायचा भाव

रवींद्र सदनाच्या चौकात विहंग थांबला आणि हातातली पिशवी माझ्यापुढे धरून म्हणाला, "काकू, ही तुम्ही घ्या."

मला वाटलं, हात भरून आला असेल. एस्प्लनेडपासून तोच ती धरून चालत होता. तिकडे मोर्चा निघालेला, बस जागच्या हलत नव्हत्या, मेट्रोच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणून बालीगंजपर्यंत चालतच जाऊ, असं मीच म्हटलं होतं. मैदानाच्या कडेने गप्पा मारत छान आलो. आणि चौकाच्या जरा अलीकडे माझ्या तोंडून निघून गेलं, की पिशवीतली शाल त्याच्यासाठीच आहे. गुढीपाडव्याला आमच्या महाराष्ट्र मंडळात त्याचा सत्कार ठरला होता. मंडळातल्या श्यामरावांनी मला बजावलंही होतं, "सरलाबाई, त्याला आधी कळता कामा नये." पण माझ्या पोटात काही राहत नाही.

पिशवी मी घेतली. त्याचा चेहरा बघितला आणि मीच चपापले.

"अरे, तुला आनंद नाही झाला?"

"सत्कार कशाचा, काकू?"

"कशाचा म्हणजे? तुझ्या खेळाचा. श्यामराव सांगत होते, इतका चालला की भाव वाढवावा लागला."

सिग्नल सुटला तरी तो तसाच उभा. मागच्या माणसाने "दादा, एगोन" म्हणून हटकलं तेव्हा पुढे झाला.

विहंग सांगलीचा. चाळिशीच्या अलीकडचा. नोकरीसाठी इथल्या न्यू टाउनमध्ये आला आणि इथेच राहिला. त्याची बायको यामिनी बँकेत आहे. मंडळात त्याला सगळे ओळखतात, कारण खुर्च्या मांडायला तो सगळ्यांच्या आधी येतो आणि जेवणं झाल्यावर पत्रावळी उचलायला शेवटपर्यंत थांबतो. तीन-चार वर्षांपूर्वी त्याने नोकरी सोडली आणि घरी बसून एकट्याने एक व्हिडिओ गेम केला. मला त्यातलं काही कळत नाही. रोज सकाळी अथर्वशीर्ष म्हणावं, चार माणसांचा स्वयंपाक करावा, एवढंच माझं ज्ञान. पण त्याने एकदा घरी बोलावून मला तो खेळ दाखवला होता. एक म्हातारा नावाडी. लोक येतात, त्यांना पलीकडे सोडायचं, आणि जाता जाता कोण कशासाठी चाललंय ते ओळखायचं. मारामारी नाही, बंदूक नाही. पाण्याचा आवाज तर असा, की मी मिनिटभर डोळे मिटून बसले.

हा खेळ कुठल्या दुकानात फळीवर मिळत नाही. इंटरनेटवरच्या दुकानात जगभरचे असे हजारो खेळ असतात, पैसे भरायचे आणि कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा. विहंगने तो गेल्या पाडव्याला विक्रीला काढला. मुहूर्त म्हणून. आणि तिथेच पहिली चूक झाली, असं तो आता म्हणतो. त्याच आठवड्यात त्या दुकानाचा मोठा सेल लागला होता. मोठमोठे खेळ निम्म्या किमतीत, पाव किमतीत, आणि त्यात याचा नवा खेळ पूर्ण भावाने. आपला पाडवा बघताना त्याने दुकानाचं कॅलेंडर बघितलंच नाही.

दुसरी चूक त्याच संध्याकाळी झाली. ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. श्यामरावांनी मंडळात माइकवर सांगितलं, आपल्या विहंगने खेळ काढलाय, सगळ्यांनी घ्या. मागून सौरभ ओरडला. सौरभ न्यू टाउनचाच, आमच्यातला वात्रट.

"विहंगदा, मी थांबतो. दिवाळीपर्यंत निम्म्यावर येईल."

सगळे हसले. विहंगही हसला, पण त्याला ते लागलं. माइक हातात घेऊन तो मंडळाच्या गणपतीकडे वळला आणि म्हणाला, "सौरभ, बाप्पासमोर सांगतो. पाचशे ऐंशी हा माझ्या खेळाचा भाव. हा उतरणार नाही."

पहिली टाळी श्यामरावांची. त्या दिवशी आमच्यातल्या बऱ्याच घरांनी तो खेळ घेतला. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर धूळ खात पडला होता, त्यांनीसुद्धा.

चौकातून पुढे निघाल्यावर मी विचारलं, "मग भाव उतरवलास का? माझ्या कानावर आलं होतं. मी काही बोलले नाही."

"उन्हाळ्यात थोडा उतरवला. दिवाळीत निम्मा."

"आणि सौरभ?"

"त्याने दिवाळीत घेतला. वर मला लिहिलं, 'थँक्यू बाप्पा.'"

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

भवानीपूरच्या गर्दीत आम्हाला एकामागे एक चालावं लागत होतं. त्यामुळे तो माझ्या पाठीमागून बोलत होता आणि मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. कदाचित म्हणूनच तो बोलू शकला.

"काकू, लोकांना खेळ आवडत नाही असं नाही. बघतात, आवडतो, आणि एका यादीत टाकून ठेवतात. सूट लागली की दुकान स्वतःच त्यांना निरोप धाडतं. हजारो लोकांनी माझा खेळ असा ठेवून दिलाय. सगळे थांबलेत."

"कशाला?"

"सेलला. वर्षातून चार मोठे, मधे बारीकसारीक चालूच. एक संपला की दुसऱ्याची तारीख लोकांना पाठ असते. मग आज पूर्ण भावाने कोण घेईल? तुम्ही घ्याल?"

"नाही बाबा. गडियाहाटला बंगाली वर्ष संपतानाचा चैत्र सेल लागल्याशिवाय मी चादरीसुद्धा घेत नाही."

"तसंच. पण तुमच्या चादरवाल्याला चैत्र संपला की माणसं परत येतात. माझ्याकडे सेल संपला की सगळं सामसूम. एकदा निम्म्यात दिला ना, की निम्मा हाच त्याचा भाव. पाचशे ऐंशी बघून लोक मला लुटारू म्हणायला लागले. 'वेडा आहे तो पूर्ण भावाने घेणारा,' असं माझ्याच पानावर लिहून ठेवलंय एकाने."

"मग तू पूर्ण भाव काढूनच टाकायचास. निम्माच कायम ठेवायचास."

"मग लोक निम्म्याचा निम्मा व्हायची वाट बघतात. शिवाय मूळ भावच खाली आणला की निरोप जात नाही, सूट दिली तरच जातो. मोठ्या कंपन्या सुरुवातीलाच भाव चढा लावतात. त्यांना माहीत असतं, पुढे उतरवायचाच आहे." हातगाडी चुकवून तो पुन्हा माझ्या मागे आला. "तो भाव विकायला नसतोच, काकू. खोडून दाखवायला असतो."

हाजरा ओलांडलं. पुढे काळीघाटचा फाटा आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे उभी राहिले, देवळाच्या दिशेने हात जोडले. विहंग एरवी माझ्या आधी जोडतो. आज तो बाजूला होऊन बंद दुकानाच्या पायरीवर बसला. मी जवळ गेले तर म्हणाला, "मी केलं ते अजून सांगितलं नाही तुम्हाला."

मीही पायरीवर बसले. पिशवी मधे ठेवली.

"दिवाळीनंतर खप एकदम थांबला. घर यामिनीच्या पगारावर चाललंय. ती काही बोलत नाही, पण मला दिसतं ना. मग मीही तेच केलं जे बाकीचे करतात. संक्रांतीच्या सुमाराला भाव वाढवला. आठशे केला."

"खप नसताना वाढवलास?"

"खप नव्हता म्हणूनच. लगेच सूट देता येत नाही, दुकानाचा नियम आहे, महिनाभर तरी तो भाव ठेवावा लागतो. म्हणून ठेवला. मग फेब्रुवारीत सूट. आठशेवर काट, शेजारी चारशे. लोकांना वाटतं, वा, चारशे वाचले. दिवाळीत तोच खेळ तीनशेच्या आत होता."

मी म्हटलं, "पण आठशेला कोणी घेतलाच नसेल, तर फसवलंस कुणाला?"

"माझीही तीच समजूत होती. त्या महिन्यात सगळं शून्य. फक्त एक खरेदी झाली होती. भारतातली. नाव कळत नाही आम्हाला. मला हसू आलं, काकू. खरं सांगतो. मी यामिनीला म्हटलं, बघ, एक बकरा सापडला."

तो दोन्ही हातांनी गुडघे चोळत राहिला.

"फेब्रुवारीत मंडळात गेलो, तर श्यामआजोबांनी मला मिठी मारली. म्हणाले, 'अभिनंदन. भाव वाढवलास म्हणजे माल खपतोय. मी पुण्याला तेजस्विनीच्या वाढदिवसाला तुझाच खेळ घेऊन दिला.'"

श्यामरावांविषयी दोन शब्द सांगायला हवेत. बँकेत होते, बदलीवर आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. पत्नी गेली, मुलगा पुण्यात, आणि तेजस्विनी ही नात. अठ्ठ्याहत्तर वय. बाजारात परवलवाला सांगेल तो भाव देतात, म्हणून आम्ही बायका त्यांना आमच्याबरोबर घेत नाही, आमचाही भाव बिघडतो. घासाघीस केली की त्यांना समोरच्याचीच लाज वाटते. विहंगचा खेळ त्यांनी शेजारच्या मुलीकडून कॉम्प्युटरवर लावून घेतला आणि रोज दुपारी थोडी होडी चालवतात. हात थरथरतो म्हणून होडी काठाला आपटते, तरी चालवतात.

"तेजस्विनीने त्यांना फोनवर सांगितलं होतं, आजोबा, थांबा, महिन्याभरात सूट येईल," विहंग म्हणाला. "तर हे तिला म्हणाले, आपल्या माणसाच्या दुकानात सूट मागायची नसते, आजच घे, पैसे मी पाठवतो. हे सगळं मला कौतुकाने सांगत होते. पुढ्यात बाप्पा. मी काय केलं असेन?"

"काय केलंस?"

"वाकून नमस्कार केला. आणि म्हटलं, आजोबा, सगळा तुमचा आशीर्वाद."

एवढं बोलून त्याने मान खाली घातली. रस्त्यावरून माणसं जात होती, एकीने आमच्याकडे वळून बघितलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवणार होते. पण त्याची पाठ अशी आखडलेली होती की ठेवला नाही. मनात म्हटलं, देवा, मी उगीच ही शाल घ्यायला याला बरोबर आणलं.

"तेजस्विनीने फेब्रुवारीत सूट बघितली असणार," तो म्हणाला. "आठशेचा चारशेला. तिने आजोबांना सांगितलं नाही. म्हणजे तिकडे पुण्यात बसून एक विशीतली मुलगी माझी लाज झाकतेय."

"आणि श्यामराव इकडे सत्कार करताहेत."

"हो."

आम्ही उठलो. रासबिहारीच्या रस्त्याला लागलो. गडियाहाटला चैत्र सेलची झुंबड उडाली होती, फेरीवाले गळा फाडून ओरडत होते. एकाने विहंगच्या तोंडासमोर कुर्ता धरला, "निये निन दादा, आर पाबेन ना." घेऊन टाका, पुन्हा मिळणार नाही. विहंगने त्याला हात जोडले आणि पुढे गेला.

हे सगळं मी त्याला विचारून लिहिते आहे. तो म्हणाला, लिहा, पण मला गरीब बिचारा करू नका. तर नाही करत. त्याने केलं ते चूकच. पण मंडळात इतकी माणसं उठता बसता काही ना काही फुगवून सांगतात, त्यातल्या कुणाला मी असं पायरीवर बसलेलं पाहिलेलं नाही, हेही खरं.

बालीगंजला श्यामरावांच्या गल्लीच्या तोंडाशी आलो. शाल त्यांना दाखवून मग घरी जायचं, असं माझं ठरलं होतं. दुसऱ्या मजल्यावरची त्यांची खिडकी उघडी होती. मी म्हटलं, "विहंग, एक करू या का? मी समितीत सांगते, यंदा वेळ कमी आहे, सत्कार पुढच्या वर्षी. शालीचं काय, कोणालाही देता येते. त्यांना कळायला नको आणि तुला उभं राहायला नको. म्हातारं माणूस, कशाला दुखवायचं."

त्याने मान हलवली.

"तसं तर मी आजपर्यंत करतच आलोय, काकू."

"मग काय करणार आहेस?"

"वर जाऊन सांगणार आहे. भाव का वाढवला होता ते. ते एक गिऱ्हाईक बघून मी हसलो होतो, तेसुद्धा."

"तेवढं नाही सांगितलंस तरी चालेल."

"तेच सांगायचंय."

गल्लीत एक रिक्षा वळली, आम्ही भिंतीला टेकून तिला वाट दिली. ती गेल्यावरही तो तिथेच उभा राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला,

"काकू, तुम्ही माझ्याबरोबर वर चला. तुम्हाला काही बोलायचं नाही. पण मी अर्ध्यात आलो की आजोबा 'असू दे रे' म्हणतील आणि चहा टाकायला उठतील. तेव्हा तुम्ही त्यांना उठू देऊ नका."