चार बोटं खोल समुद्र

आमच्या गावात एकदा समुद्र होता. तो मी तयार केला होता, आणि त्याची खोली चार बोटं होती.

आमचं गाव लातूरपासून एसटीनं तासाभरावर. गावाला एक पाझर तलाव आहे. मागच्या दुष्काळात लोकांनी तो दुष्काळी कामावर खोदला आणि पुढच्या दुष्काळात तो आटला. म्हणजे मधली काही वर्षं त्यात पाणी होतं, हे मान्य करायला हवं. मी सांगतोय ते या पुढच्या दुष्काळातलं. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झालेला. जिल्हा नवा म्हणून कचेऱ्या नव्या, पाट्या नव्या, आणि रोज कुठंतरी कुणीतरी फीत कापतंय. मी गावच्या शाळेत मास्तर. एक जुना कॅमेरा हाती लागला आणि सुट्टीच्या दिवशी मी लातूरला जाऊन फिती कापणाऱ्यांचे फोटो काढू लागलो. (माणसांची डोकी अधूनमधून फोटोबाहेर राहायची, पण कात्री कधी सुटली नाही.) वर्षभरात मी स्वतःला फोटोग्राफर म्हणवून घ्यायला लागलो.

लग्न मात्र जमेना. खोट माझ्यात नव्हती, असं आई म्हणायची. खोट गावात होती.

"मास्तर चांगले हायत हो," मुलीकडचे म्हणायचे, "पण पोरीनं काय जन्मभर टँकरची वाट बघत बसायचं?"

दोन स्थळं अशी गेली. दुसऱ्या वेळी मुलीच्या चुलत्यानं आमच्या घरी पाणी मागितलं. आईनं अर्धा तांब्या दिला. तो गृहस्थ त्या अर्ध्या तांब्याकडं बराच वेळ बघत राहिला आणि न पिताच उठून गेला. आईनं ते पाणी परत रांजणात ओतलं आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही. मलाही फार लागलं ते. वरून मी म्हणत होतो, जाऊ द्या, पण अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला किती वेळा जाऊ द्या म्हणता येतं?

अशात शांताआत्यानं मनावर घेतलं. शांताआत्या म्हणजे आण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. उमरीला दिलेली. तिच्या शेजारच्याच गल्लीत महानंदा नावाची मुलगी होती. मॅट्रिक झालेली, हुशार, आणि बापाची एकुलती एक. बापाचं किराणा दुकान. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "गावाला पाणी कसं हाय?"

आत्या एरवी देवभोळी बाई. पण भाच्याच्या लग्नापुढं तिनं देवाला जरा बाजूला बसवलं.

"पाणी?" ती म्हणाली. "तळ्यात नाव चालती."

मग तिचं कार्ड आलं. कार्डावर खुशाली एका ओळीत होती आणि बाकी सगळा हुकूम होता: 'त्यांना फोटो पाहिजे. तळ्याच्या काठानं फिरतानाचा एक, नावेत बसून वल्हवतानाचा एक. शिवा फोटो काढतोच. लवकर धाडा.' (शिवा म्हणजे मी.)

आण्णांनी कार्ड दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "अक्कानं आता मला नाव चालवायला लावली. आयुष्यात मी पाण्यात पाय बी टाकला न्हाई."

"आधी पाणी कुठाय ते बघा," आई म्हणाली.

पाणी होतं. तळ्याच्या मधोमध, आमच्या शाळेच्या एका वर्गाएवढं डबकं उरलं होतं. त्यात दोन म्हशी बसल्या की तिसरीला जागा नसायची. राहिली नाव. ती काकांकडं होती. म्हणजे काकांचं गुऱ्हाळ होतं. ऊस वाळून गेल्यामुळं गूळ करायची भली मोठी लोखंडी काहील दोन वर्षं नुसती पालथी पडून होती. चांगल्या पावसाच्या दिवसांत आमच्याकडं लोक अशा काहिलीत बसून ओढा ओलांडतात, त्यामुळं तिला नाव म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आम्ही चौघांनी ती तळ्याच्या बांधावर चढवली. तिथं काका म्हणाले, "आता उचलायची कशाला? उतारच हाय." आणि त्यांनी हात सोडला. काहील एकटीच घरंगळत निघाली. वाटेत तिनं एक बाभूळ मोडली, म्हशींना उठवलं आणि नेमकी डबक्यात जाऊन बसली. एवढी गोष्ट मात्र आमच्या मनासारखी झाली.

मी आणि आण्णा आत बसलो. काहील तळाला टेकली ती टेकलीच. आण्णांच्या हातात गूळ ढवळायचा लांब दांडा दिला. त्यांनी तो वल्ह्यासारखा पाण्यात घातला आणि तो चिखलात रुतला.

"आण्णा, वल्हवा की."

"काय वल्हवू? रवी घुसळून राहिलो मी हितं."

फोटो काढायचं काम आईकडं. मी तिला सगळं समजावलं होतं. कॅमेरा अगदी जमिनीला टेकवायचा, म्हणजे पाणी थेट आभाळापर्यंत गेल्यासारखं दिसतं. (ही युक्ती माझी. आजही मला तिचा थोडा अभिमान आहे.) आई नेसत्या लुगड्यानिशी चिखलात पालथी पडली, एक डोळा मिटायचा म्हणून दोन्ही मिटले, आणि खटका दाबला. काकांनी काठाला उभं राहून पायानं लाटा केल्या. मग मी काठानं ऐटीत फिरतानाचे दोन फोटो झाले. त्या फेरीत माझी एक चप्पल चिखलात गेली. ती अजून तिथंच असेल.

फोटो धुऊन आले आणि मी थक्क झालो. समुद्र! दूरवर पाणी, लाटा, मधे नाव, नावेत दोन माणसं. मी तो फोटो खिडकीशी नेऊन पुन्हा पुन्हा पाहिला. म्हणजे फोटोतला मी पाहिला. भांग नीट आहे का, हनुवटी वर आहे का. बाकी फोटोकडं बघायचं मला सुचलं नाही. तोच उमरीला धाडला.

आठ दिवसांत उत्तर आलं. फोटो पसंत होता. इतका पसंत होता की, आम्ही मुलगी बघायला जायच्या आधी मुलीकडचेच घर बघायला येणार होते, आणि सोबत मुलगीही येणार होती. त्या काळी मुलीनं मुलाचं घर बघायला येणं आमच्याकडं कुणी ऐकलं नव्हतं. पण आत्यानं लिहिलं होतं: 'महानंदा म्हणते, मला नावेत बसायचंय. बाप तिच्या शब्दाबाहेर न्हाई. तुम्ही काय ते बघा.'

काय बघणार? तोवर डबकंही आटलं होतं. आम्ही रोज एक नवं कारण काढत होतो. काका म्हणाले, नाव बुडाली म्हणून सांगू. आई म्हणाली, "बुडायला पाणी लागतं भावजी." शेवटी आण्णांनी ठरवलं की नाव दुरुस्तीला लातूरला गेलीय असं सांगायचं. लातूर आता जिल्हा आहे, तिथं काहीही दुरुस्त होत असेल असं पाहुण्यांना वाटेल.

सगळं पाठ झालं. फक्त एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. गावात टँकर आला की पाणी ओतायला भांडं पुरेना, म्हणून काकांनी उदार मनानं काहील देवळासमोर आणून ठेवली होती.

पाहुणे एसटीतून उतरले ते देवळापाशीच. मी सामोरा गेलो. महानंदाचे वडील पुढं, आत्या मागं, मधे ती. आणि आमच्या सगळ्यांच्या समोर फोटोतली नाव होती. टँकर नुकताच रिकामा झाला होता. नाव काठोकाठ भरली होती आणि तिच्याभोवती अख्खं गाव घागरी घेऊन उभं होतं. रांगेत तिसऱ्या नंबरला माझी आई होती.

"शरणार्थ," आण्णा हात जोडून म्हणाले, आणि पाठ केलेलं सगळं एका दमात बोलून मोकळे झाले. "नाव दुरुस्तीला लातूरला गेलीय."

महानंदाच्या वडिलांनी काहिलीकडं बघितलं. मग आण्णांकडं बघितलं.

"मग ही कोणती हाय?"

काका देवळात शिरले आणि घंटा वाजवायला लागले. आत्या म्हणाली, "आधी चहा तर घ्या," आणि चहाला लागणारं पाणी समोरच्या रांगेत आहे हे तिला बोलल्यावर कळलं.

घरी आल्यावर महानंदानं पिशवीतून माझा फोटो काढला आणि सतरंजीवर ठेवला. मुलगी काय विचारते म्हणून सगळे पुढं वाकले. तिनं कोपऱ्यात बोट टेकवलं.

"गुरुजी, हा बगळाच हाय न्हवं?"

मी वाकून बघितलं. नावेच्या पलीकडं, भर समुद्रात, एक बगळा होता.

"हाव," मी म्हणालो.

"उडून राहिला का?"

"न्हाई. उभा हाय."

"बगळ्याचे पाय केवढे असतात?"

मी मास्तर. प्रश्न विचारला की उत्तर देण्याची खोड. "वीतभर," मी हातानं दाखवून सांगितलं.

"आन् पाण्यात किती बुडालेत?"

तिचे वडील फोटो डोळ्यांपाशी नेऊन बगळ्याचे पाय बघायला लागले. आईनं पदर तोंडाला लावला. तिसरं स्थळ समोर सतरंजीवर बसलेलं, आणि ते एका बगळ्यामुळं चाललेलं मला दिसत होतं. मग मात्र मला त्या सगळ्याचाच कंटाळा आला.

"चार बोटं," मी म्हणालो. "तेवढंच पाणी होतं. आता ते बी न्हाई. नाव म्हणजे काकांची काहील, तुम्ही देवळापाशी बघितली ती. टँकर दोन दिवसाआड येतो. दोन स्थळं पाण्यापायी मोडली म्हणून आम्ही हे केलं. आत्याचा दोष न्हाई, फोटोची युक्ती माझी. तुम्हाला एवढ्या लांब फुकट आणलं, माफ करा."

तिचे वडील उठलेच. "चल गं," ते म्हणाले. "खोटारड्या घरात पोर द्यायची न्हाई मला."

महानंदा उठली नाही.

"बाबा, मला उमरीतच दिसला होता बगळा," ती म्हणाली. "काहील बी वळखली होती. मामाच्या गुऱ्हाळावर काय कमी बघितल्यात?"

"मग आलीस कशाला एवढं ऊन खात?"

"बघायला आले. खोटा फोटो धाडायचा आन् त्यात बगळा तसाच ठेवायचा, असा माणूस दिसतो तरी कसा." ती पहिल्यांदाच माझ्याकडं बघून बोलली. "पक्का लबाड असता तर बगळा कापून धाडला असता. ह्यांना खोटं बोलायला येतच न्हाई बाबा. आन् पाणी आपल्याकडं तरी कुठं हाय? आपल्या आडात बादली नुसती वाजती."

तिचे वडील पुन्हा बसले. मग त्यांनी पाणी मागितलं. आईनं तांब्या आणला, या वेळी काठोकाठ भरून. (त्या दिवशी आमची आंघोळ गेली.) त्यांनी अर्धा तांब्या पिऊन उरलेला स्वतः उठून रांजणात ओतला. आई त्यांच्याकडं बघतच राहिली.

पुढं पाऊस पडला, तळं भरलं, काहिलीत पुन्हा गूळ शिजला. महानंदाला मी खरोखरच्या पाण्यात खरोखर नावेतून फिरवलं, आणि त्या दिवशी तिचे काढलेले बाराही फोटो वाया गेले. मी कॅमेऱ्यात रोल घातला नव्हता. त्यामुळं आमच्या बैठकीत आजही तो जुना फोटोच टांगलेला आहे. नोकरीत होतो तेव्हा मी शाळेत खोटी रजा टाकायचो, आता पथ्य सोडून जिलेबी खातो; अशा वेळी महानंदा काही बोलत नाही. नुसती त्या फोटोच्या कोपऱ्याकडं बघते. मी लगेच कबूल करतो.

परवा आमच्या सूनबाईनं त्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढला. मला म्हणाली, "मामंजी, किती छान आलाय. हा कोपऱ्यातला बगळा तेवढा मधेच येतोय. बोट फिरवलं की निघून जाईल. काढू का?"

इतक्या वर्षांत असं काही निघालंय हे मला माहीतच नव्हतं. मी अगदी मनापासून म्हणालो, "काढ, काढ."

आतून महानंदाचा आवाज आला.

"त्याला हात लावू नको गं. त्या फोटोत खरं बोलणारा तेवढा एकच हाय."