इकबालभाईंचा स्टोअरकीपर

कॉम्प्युटरला काहीही सांगण्याआधी इकबालभाई शर्टाच्या बाह्या सरळ करून बटणं लावायचे. मुलं खिदळायची.

"हसा मेल्यांनो. अर्धं आयुष्य कुवेतला गोदामात काढलंय. माल मागायची पण रीत असते."

रत्नागिरीत एसटी स्टँडजवळ माझा कॉम्प्युटर क्लास होता. इकबालभाई राजापूरचे. बायको अंथरुणाला खिळली तेव्हा आखात सोडून आले. रोज रात्री घरी पोचता येईल एवढंच काम त्यांना हवं होतं. मी त्यांना शिकवायला प्रोग्रामिंगची बॅच दिली. "ही बॅच चालली ना बावा, तर पासपोर्ट कुजू दे कपाटात," ते म्हणायचे.

आमच्या मशीनवर त्यांनी लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली होती. त्यात प्रोग्रामिंगची नवी भाषा बसवायची तर एक ओळ टाइप करायची. पॅकेज मॅनेजर नावाचा प्रोग्राम ती इंटरनेटवरून आणतो, तिला लागणाऱ्या बाकीच्या फायलीही आणतो. इकबालभाई त्याला स्टोअरकीपर म्हणत. "आपण नाव सांगायचं. कुठल्या फळीवर हाय, सोबत नट लागतो की बोल्ट, ते त्याचं तो बघतो."

पायथन ही भाषा बसवायला ते रविवारी आले. फोनची लाइन एकच, त्यावरच इंटरनेट. मी सवयीने रिसीव्हर उचलला आणि लाइन तुटली. मी ओशाळलो.

"ठेव, ठेव. आलेला माल आलाच. उरलेला परत मागवू."

दिवसभर लाइन तुटत राहिली. संध्याकाळी सगळ्या मशीनवर पायथन चालू झाला. एका मुलीने पहिलाच प्रोग्राम लिहिला आणि पडद्यावर 'सलाम सर' उमटलं. "वालेकुम सलाम," इकबालभाई पडद्याला म्हणाले. एवढं खूश मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

बॅच धड महिनाभरही चालली नाही. एक पालक आले. "अजगर शिकवता म्हणे? सर्टिफिकेट कसलं देणार, सर्पमित्राचं?" इकबालभाई शेजारीच उभे होते आणि मी मोठ्याने हसलो. हिशेबाच्या कोर्सला सर्टिफिकेट होतं, गर्दी होती. मी प्रोग्रामिंगची बॅच बंद केली. मला कोणी भाग पाडलं नव्हतं. क्लास तसाही चालला असता.

"पोरं आत्ता कुठे लिहायला लागलीत," ते म्हणाले. "दिवाळीपर्यंत थांब."

"नाही जमणार, भाई."

ते परत कुवेतला गेले. बायको इकडे वारली तेव्हा त्यांना सुट्टी मिळाली नाही. दोन उन्हाळ्यांनी ते तिकडेच गेले, दफनही तिकडेच झालं. राजापूर काही लांब नाही. मी दोन्ही वेळा गेलो नाही. काय तोंड घेऊन जाणार होतो?

क्लासमधला त्यांचा शेवटचा दिवस मात्र मी कोणालाच सांगितलेला नाही. हिशेबाचा कोर्स देणाऱ्या संस्थेचा माणूस तपासणीला येणार होता; मशीनवर दुसरं काही नको, अशी त्यांची अट होती. "पायथन काढून टाका," मी केबिनमधूनच सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. पहिल्या मशीनवर ओळ टाइप केली आणि मला हाक मारली. पडद्यावर प्रश्न होता : काढू का?

"मी मागवलेला माल हाय," ते म्हणाले. "तो मी फेकणार नाय. तू दाब."

मी बटण दाबलं. रविवारभर खपून आणलेलं क्षणात गेलं. मी केबिनकडे वळलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब. अजून पाच मशीन हायत."