एकेकभाऊ आणि व्हॅनचा मागचा दिवा

शाळेमागच्या गल्लीत जुन्या गाड्यांचे दिवे दुरुस्त करणारा एक इलेक्ट्रिशियन राहतो. त्याला सगळे एकेकभाऊ म्हणतात. खरं नाव त्याच्या बायकोला ठाऊक असावं, पण तीही "अहो"च्या पुढे जात नाही. कुणी घाई केली की तो शांतपणे म्हणतो, "एकेक बघू." तेच नाव चिकटलं.

तरुणपणी त्याने एका जीपचा बिघाड नुसत्या अंदाजाने ओळखला होता. अंदाज चुकला आणि जीपच्या डॅशबोर्डमधून धूर निघाला. तेव्हापासून त्याने अंदाजाशी बोलणं टाकलं. बिघाड कुठलाही असो, तो नऊ पायऱ्या चढतो: बॅटरी, तिची टोकं, फ्यूज, स्विच, इंडिकेटर उघडमीट करणारा फ्लॅशर, वायर, होल्डर, बल्ब आणि शेवटी अर्थची वायर. एकही गाळत नाही. मी शिकवायचो तेव्हा असा एखादा विद्यार्थी दरवर्षी माझ्या वर्गात असायचा. उत्तर त्याच्या ओठावर असतं, पण पायऱ्या लिहिल्याशिवाय तो ते कागदावर उतरवत नाही, आणि तोवर घंटा होते. त्याला रागावताही येत नाही, कारण पायऱ्या लिहायला आपणच शिकवलेलं असतं.

त्याचा दुसरा नियम गिऱ्हाइकांबद्दल. "गिऱ्हाईक खोटं बोलतं असं नाही," तो म्हणतो, "पण खरं कधी बोलतंय ते त्यालाही कळत नाही." त्यामुळे तो ऐकायच्या भानगडीतच पडत नाही.

एका मंगळवारी व्हॅनवाल्या मावशी त्याच्या दारात आल्या. वय साठीला टेकलेलं, व्हॅन पंचविशीची. रोज अकरा मुलांना शाळेत पोचवायच्या. गुरुवारी सकाळी दहाला व्हॅनची वार्षिक तपासणी होती. नापास झाली तर सुट्टी संपल्यावर, सोमवारपासून ती अकरा मुलं दुसऱ्याच्या नव्या बसमध्ये बसणार होती. नव्या बसमध्ये बसलेली मुलं जुन्या व्हॅनकडे परत येत नाहीत, हे मावशींना पक्कं माहीत होतं.

"ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मिणमिणतो," मावशी म्हणाल्या, "आणि इंडिकेटर लावला की शेजारचा दिवा फडफडतो. मागच्या आठवड्यात रंग दिला ना, तेव्हापासून..."

"मावशी, गाडीचं गाडी सांगेल. तुम्ही आत बसा."

"अहो भाऊ, पण रंग दिल्यावरच..."

"चहा घ्या."

घर आणि दुकान एकच. मावशी आतल्या खोलीत गेल्या आणि दुकानात अडलेली सगळी हकिगत त्यांनी एकेकभाऊच्या बायकोला सांगितली. तपासणीला गाडी नीटनेटकी दिसावी म्हणून रंग दिला होता. रंगाऱ्याने मागचे दिवे सोडवले, खालचा पत्राही छान रंगवला आणि दिवे परत बसवले. बायको कप विसळत बाहेर आली.

"अहो, त्या म्हणतायत रंग दिल्यापासून झालंय."

"तू कधीपासून गिऱ्हाईक झालीस?"

"लग्न झाल्यापासून. दुसरं दुकान उघडं नव्हतं."

मंगळवारी बॅटरी, टोकं आणि फ्यूज झाले. बुधवारी सकाळी स्विच आणि फ्लॅशर. प्रत्येक वस्तू काढायची, पुसायची, तपासायची, परत बसवायची आणि न्यायाधीशासारखं जाहीर करायचं, "हा निर्दोष." दुपारी वायरीसाठी व्हॅनच्या मागच्या दोन्ही सीटा निघाल्या. अंगणात ठेवलेल्या त्यांतल्या एका सीटवर मावशी मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या, सिग्नल मिळायची वाट बघत असल्यासारख्या.

"भाऊ, कितवी पायरी?"

"सहावी."

"नववीत काय आहे?"

"अर्थची वायर."

"मग तीच आधी बघा की."

"आणि दोष आठवीत असला तर?"

"तर आठवी बघा."

"तिच्या आधी सातवी येते, मावशी."

गंमत अशी की त्याला मंगळवारीच कळलं होतं. हे त्याने मला नंतर स्वतः सांगितलं. दिव्यात आलेल्या विजेला परत जायला वाट लागते. ती वाट म्हणजे दिव्यापासून गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली अर्थची वायर. ती वाट अडली की वीज शेजारच्या बल्बमधून घुसून पळते, आणि मग ब्रेक दाबला की इंडिकेटर पेटतो. त्याला हे चाळीस वर्षं ठाऊक आहे. पण कळलं म्हणजे अंदाज झाला, आणि अंदाज म्हटलं की त्याला जीप आठवते.

गुरुवारी सव्वानऊला आठवी पायरी संपली. तपासणीची जागा वीस मिनिटांवर. त्याने दिवा सोडवला, बोल्ट काढला. वायरीच्या कडीखाली दुधी रंगाचा जाड, तुकतुकीत थर होता. रंगातून वीज जात नाही, आणि रंगाऱ्याने हात राखला नव्हता. एकेकभाऊने पाकळीएवढी जागा चाकूने खरवडली, पत्रा उघडा केला, बोल्ट आवळला.

"दाबा ब्रेक."

ब्रेकचा दिवा लागला, तेवढाच. इंडिकेटर लावला, तोही एकटाच उघडमीट करू लागला. बायकोने चहाचा कप त्याच्यापुढे जरा जोरात ठेवला.

तेवढ्यात मावशींचं लक्ष अंगणातल्या सीटांकडे गेलं. दोन सीटा, आठ बोल्ट. एकेकभाऊने पहिला बोल्ट उचलला, पुसला, फुंकर मारली.

"भाऊ, द्या इकडे," मावशी म्हणाल्या आणि दुसरा पाना उचलला. चार त्यांनी बसवले. तेवढ्या वेळात एकेकभाऊचे तीन झाले. आठवा बायकोने हाताने फिरवून ठेवला, आणि व्हॅन निघाली.

दहाची वेळ दिलेले तपासणीचे साहेब स्वतः साडेअकराला आले. त्यांनी ब्रेक दाबायला लावला, मागे जाऊन पाहिलं, इंडिकेटर पाहिला आणि सही केली. मिनिटभराचं काम. सोमवारी अकराच्या अकरा मुलं व्हॅनमध्ये होती.

मावशी आता पालकांना सांगतात, "आमच्या गाडीची बॅटरीपासून बल्बपर्यंत एकेक वस्तू तपासलेली आहे. नवी बस दाखवेल का असं?" त्यात खोटं काहीच नाही. त्या ऐकीव कीर्तीवर एकेकभाऊकडे आणखी दोन जुन्या गाड्या आल्या.

तो काही शिकला नाही असं मात्र म्हणता येणार नाही. दुकानातल्या पुठ्ठ्यावर नऊ पायऱ्या लिहिलेल्या आहेत. परवा गेलो तर खाली ताज्या शाईत दहावी दिसली: गिऱ्हाइकाला विचारणे.

"हीच पहिली का नाही घेतली?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

"सर," तो म्हणाला, "पहिली बॅटरी असते."